पैठणची जळालेली पोथी आणि अद्भुतकथांचा वंशवृक्ष

काही महिन्यांपूर्वी पैठण तालुक्यातील विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात बोलण्याचा योग आला. विषय होता आनुवंशिकता. व्याख्यान संपल्यावर प्रश्न मात्र भलताच आला. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "सर, आठवी-नववीची मुले वाचनालयाच्या तासाला सारखी भुताखेतांची, जादूची पुस्तके मागतात. आम्ही पडलो विज्ञानाचे शिक्षक. द्यावीत का? आणि द्यायची तर कोणती?" सभागृहात हशा पिकला. एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "सकाळी अंधश्रद्धा निर्मूलनाचा पाठ घ्यायचा आणि दुपारी कपाटातून वेताळ काढून द्यायचा, हे कसे जमायचे?" त्यांना टाळ्याही पडल्या. वेळ संपत आली होती, त्यामुळे मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन सुटका करून घेतली. परतताना एस.टी.त बसल्यावर लक्षात आले, की या प्रश्नाचे उत्तर तो ज्या गावात विचारला गेला त्या गावापासूनच सुरू होते. आणि आनुवंशिकतेशीही त्याचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. अद्भुतकथांचा भारतातला सर्वांत मोठा संग्रह, गुणाढ्याची 'बृहत्कथा', याच गावाशी जोडला गेला आहे. 'कथासरित्सागरा'च्या आरंभी तिच्या जन्माची जी हकीकत येते ती आपल्या वाचकांना थोडीफार ठाऊक असेल; पण ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

सातवाहन राजा एकदा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने थकलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, की आता पाणी नको. 'मा' म्हणजे नको आणि 'उदक' म्हणजे पाणी. दोन्हींचा संधी झाला की 'मोदक' ऐकू येते. राजाने ताबडतोब मोदक मागवले! राणी हसली, दास-दासी हसले. राजाला संधी येत नव्हता, एवढेच खरे. परंतु खजील झालेला राजा अन्नपाणी सोडून बसला आणि मला संस्कृत व्याकरण किती दिवसांत येईल, असे त्याने मंत्र्यांना विचारले. गुणाढ्य म्हणाला, एरवी बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली, की असे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने 'कातंत्र' नावाचे सुटसुटीत व्याकरण मिळवून सहा महिन्यांत राजाला तयार केले. (शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही घटना स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कमी सूत्रांचे सोपे पाठ्यपुस्तक जिंकले आणि परंपरागत अभ्यासक्रम हरला!)

भाषा गमावलेला गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथे त्याने पिशाचांची भाषा, पैशाची, ऐकून ऐकून आत्मसात केली. काणभूती नावाच्या पिशाचाकडून त्याने विद्याधरांच्या कथा ऐकल्या आणि सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले. रानात शाई मिळेना, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिले. शिष्यांनी ती पोथी राजाकडे नेली. राजाने नाक मुरडले: भाषा पिशाचांची, लिहिलेली रक्ताने, आणि एवढी थोरली! पोथी परत आली. तेव्हा गुणाढ्याने एका टेकडीवर अग्निकुंड केले. तो एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. ऐकायला रानातले पशुपक्षी गोळा झाले. चरणे-चुगणे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ते ऐकत राहिले. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस निःसत्त्व होऊ लागले आणि राजा आजारी पडला. स्वयंपाक्यांनी व्याधांवर ठपका ठेवला, व्याधांनी कारण सांगितले. राजा धावत टेकडीवर गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला तो नरवाहनदत्ताच्या चरित्राचा एक लाखाचा भाग, तोही शिष्यांना विशेष आवडला म्हणून बाजूला ठेवलेला.

ही दंतकथा आहे हे उघड आहे. सात लाख श्लोकांना पुरेल एवढे रक्त माणसाच्या अंगात असते का, हे गणित जीवशास्त्राच्या तासाला जरूर घालावे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. एका श्लोकाला एक थेंब, म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग धरला, तरी पस्तीस लिटर होते. सात वर्षांत ते नव्याने तयार होत राहील असा युक्तिवाद एखादा हुशार विद्यार्थी करील. तो करू द्यावा. एका श्लोकाला एक थेंब पुरेल का, असे त्यालाच विचारावे.

पण दंतकथेच्या मागे वस्तुस्थिती काय? बृहत्कथा नावाचा ग्रंथ होता, याबद्दल अभ्यासकांत शंका नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त तिचा उल्लेख भूतभाषेतील ग्रंथ म्हणून केला आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाला ती माहीत होती. कंबोडियातील शिलालेखातसुद्धा गुणाढ्याचे नाव येते. म्हणजे कीर्ती समुद्रापलीकडे गेली होती. मात्र मूळ ग्रंथाचे एकही हस्तलिखित आजवर सापडलेले नाही. राजाने वाचवलेला एक लाखाचा भागही काळाने वाचवला नाही.

मग नाहीशा झालेल्या पुस्तकाविषयी आपण बोलतो कशाच्या आधारावर? त्याच्या वंशजांच्या. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये दोन संस्कृत रूपे तयार झाली. क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी' साडेसात हजार श्लोकांच्या आसपासची. घाईत सांगितल्यासारखी आणि खरे सांगायचे तर कंटाळवाणी. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' सुमारे बावीस हजार श्लोकांचा. राजा अनंताची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी तो १०६३ ते १०८१ या दरम्यान रचला गेला. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८८९ मध्ये त्याची सुबक आवृत्ती काढली. मूळ ग्रंथ जसा होता तसाच हा आहे, मी फक्त संक्षेप केला आणि भाषा बदलली, अशी ग्वाही सोमदेव देतो. कित्येक वर्षे विद्वानांनी ती खरी मानली. अविश्वासाचे कारणच नव्हते. क्षेमेंद्राची प्रतही ढोबळमानाने त्याच्याशी जुळत होती.

१८९३ मध्ये हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळमध्ये एक हस्तलिखित मिळाले: बुधस्वामीचा 'बृहत्कथाश्लोकसंग्रह'. अपुरा, अठ्ठावीस सर्गांचा. फेलिक्स लाकोत या फ्रेंच संशोधकाने त्याचा कसून अभ्यास केला आणि १९०८ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. नेपाळी प्रत काश्मिरी प्रतींपेक्षा फारच वेगळी निघाली. तीत 'पंचतंत्र' नाही, वेताळाच्या पंचवीस कथा नाहीत. उलट व्यापाऱ्यांच्या प्रवासाच्या, बाजाराच्या, गल्लीबोळांच्या रसरशीत गोष्टी आहेत. आता खरे कोण? सोमदेव की बुधस्वामी? दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगत असतील तर तिसरा शोधावा लागतो. तो १९३५ मध्ये मिळाला, तोही अनपेक्षित ठिकाणी. लुडविग आल्सडॉर्फ या जर्मन पंडिताने दाखवून दिले, की 'वसुदेवहिंडी' हा प्राकृतातील प्राचीन जैन ग्रंथ म्हणजे बृहत्कथेचेच एक रूप आहे. त्यात नायकाच्या जागी कृष्णाचे वडील वसुदेव आले आहेत, एवढेच. ही प्रत काश्मिरी प्रतींहून कितीतरी शतके जुनी. आणि ती जुळली नेपाळी प्रतीशी! जैन ग्रंथकार आणि नेपाळी कवी यांनी एकमेकांचे पुस्तक पाहून लिहिल्याची चिन्हे नाहीत. तेव्हा दोघांत समान असलेला मजकूर दोघांच्या सामाईक पूर्वजाकडून आला असला पाहिजे, आणि पंचतंत्र व वेताळकथा नंतर कधीतरी काश्मिरी शाखेत शिरल्या असल्या पाहिजेत. सोमदेव खोटे बोलत नव्हता. त्याच्यासमोर जी पोथी होती तिलाच तो मूळ समजत होता.

जनुकांच्या अनुक्रमांवरून प्राण्यांचा वंशवृक्ष काढणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांना ही पद्धत वाचून आपल्याच प्रयोगशाळेत आल्यासारखे वाटेल. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, नकलेत क्वचित चूक होते, ती चूक पुढच्या सर्व नकलांत उतरते. दोन जातींत एकच विशिष्ट चूक दिसली, तर ती दोघींत स्वतंत्रपणे घडली असे मानण्यापेक्षा एकाच पूर्वजात घडली असे मानणे सयुक्तिक ठरते. पोथ्यांच्या अभ्यासकांनी हेच तत्त्व एकोणिसाव्या शतकात वापरायला सुरुवात केली, डीएनएची रचना कळण्याच्या (१९५३) शंभर वर्षे आधी. एक मुद्दा मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा. नाते ठरवताना नुसते साम्य मोजून चालत नाही. मूळ पूर्वजापासून सर्वांनाच जे मिळाले, त्यावरून कोण कोणाला जवळचा हे कळत नाही. नंतर झालेला समान बदल हाच शाखेचा पुरावा असतो. वेताळ हा काश्मिरी शाखेचा असा समान बदल आहे.

येथे आपल्या गावाचा अभिमान बाजूला ठेवून आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. गुणाढ्याला प्रतिष्ठानशी जोडणारी हकीकत काश्मिरी शाखेतली आहे. नेपाळी परंपरा त्याचा जन्म मथुरेचा सांगते आणि त्याला उज्जयिनीच्या दरबारात बसवते. कथेचा नायक नरवाहनदत्त हा वत्स देशाच्या उदयनाचा मुलगा; कथेचे रंगस्थान कौशांबी आणि उज्जयिनी. तेव्हा पैठणचा दावा पुराव्याने सिद्ध झाला आहे असे म्हणता येणार नाही. तो परंपरेचा दावा आहे.

तरीही पैठणला ही परंपरा शोभावी असे बरेच काही आहे. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत हे गाव येते. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर म्हणजे आजचे तेर. अकीकासारखे मौल्यवान दगड इथून गाड्यांवर लादून बंदरात जात. कन्नडच्या पुढे डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या दात्यांत पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. त्याच लेण्यांत डोक्यावर पात्र घेतलेल्या, मिस्कील हसणाऱ्या खुजा यक्षाची मूर्ती मिळाली. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे तिच्या हातावर कोरले आहे. व्यापारी, सोनार, यक्ष आणि दूरदेशीचे यवन: बृहत्कथेची सगळी पात्रे या घाटवाटांवर प्रत्यक्ष वावरत होती. कार्ले, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे आहेतच.

आणि गाड्यांबरोबर गोष्टीही जात. याचे एक ठळक उदाहरण देतो. नेपाळी प्रतीत सानुदास नावाचा व्यापारी सुवर्णभूमीच्या शोधात निघतो. डोंगरातली वाट इतकी अरुंद, की बकऱ्यावर बसूनच जाता येते. पुढे वाटाड्या म्हणतो, आता बकरे मारा, त्यांचे कातडे उलटे करून त्यात स्वतःला शिवून घ्या. प्रचंड पक्षी येतील आणि मांस समजून तुम्हाला पैलतीरी उचलून नेतील. ज्या बकऱ्याने कड्यावरून सुखरूप आणले त्यालाच मारायचे, या विचाराने सानुदास कासावीस होतो. जैन ग्रंथात हाच प्रसंग चारुदत्त नावाच्या व्यापाऱ्यावर येतो. तिथे तो मरणाऱ्या बकऱ्याला धर्मोपदेश करतो आणि बकरा स्वर्गाला जातो. कथेचा सांगाडा तोच, सांगणाऱ्याच्या मनाप्रमाणे एक हाड बदललेले! आता अरबी कथांमधला सिंदबाद आठवा. दुसऱ्या सफरीत तो हिऱ्यांच्या दरीत अडकतो आणि मांसाच्या तुकड्याला स्वतःला बांधून घेतो. गरुडासारखे पक्षी ते मांस उचलून वर नेतात. या दोन कथांमध्ये नेमका कोणता दुवा होता हे दाखवणारी पोथी आपल्याकडे नाही. पण अरबी समुद्राच्या दोन काठांवर एकच प्रवासी एकाच पक्ष्याच्या पायांना लटकलेला दिसतो, हे विसरता येत नाही.

आता ज्येष्ठ गुरुजींच्या आक्षेपाकडे वळू. अद्भुतकथेने अंधश्रद्धा वाढते का? बृहत्कथेच्या परंपरेत यंत्रांच्या कथा भरपूर आहेत. 'कथासरित्सागरा'त मयासुराची मुलगी सोमप्रभा मैत्रिणीसाठी टोपलीभर लाकडी बाहुल्या आणते. कळ दाबताच एक आकाशातून जाऊन फुलांचा हार घेऊन येते, एक पाणी आणते, एक नाचते, एक बोलते. राज्यधर नावाच्या सुताराने तर अख्खे नगर लाकडी माणसांनी वसवले आहे. तिथले लोक हुबेहूब हालतात, पण बोलत नाहीत, त्यावरून ते निर्जीव असल्याचे कळते. यंत्रमानवाचा हा प्रश्न, म्हणजे हालचाल माणसासारखी असली की माणूस झाला का, आजच्या विज्ञानकथांतही सुटलेला नाही.

विमानेही आहेत. नेपाळी प्रतीत वासवदत्तेला आकाशात फिरण्याचे डोहाळे लागतात. सुतारांना बोलावले जाते. ते हात जोडून सांगतात, की आम्हाला इतर प्रकारची यंत्रे येतात, आकाशयंत्रे करणे आम्हाला येत नाही, ते यवनांना ठाऊक. मग विश्विल नावाच्या कारागिराची कथा येते. तो कोंबड्याच्या आकाराच्या यंत्रातून उडत असे. राजाने रहस्य मागितले तेव्हा ते देण्याऐवजी तो बायकोला घेऊन रातोरात उडून गेला.

अशा वर्णनांवरून 'प्राचीन भारतात विमाने होती' असे म्हणणारे अधूनमधून भेटतात. २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्येही हा विषय मांडला गेला आणि बराच गदारोळ झाला. या मंडळींचा मुख्य आधार असलेल्या 'वैमानिक शास्त्र' या पुस्तकाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच केली होती. ते पुस्तक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी गणिते मांडून काढला. मला गंमत वाटते ती वेगळीच. खुद्द प्राचीन कथाकार सांगतो, की आमच्या सुतारांना हे येत नाही. कथेतले सुतार कथेच्या भक्तांपेक्षा प्रामाणिक आहेत! ज्याने अद्भुतकथा अद्भुतकथा म्हणून मनापासून वाचली आहे, तिचे डावपेच, अतिशयोक्ती, 'ते दूरदेशी लोकांना येते' ही ठरावीक पळवाट ओळखली आहे, तो तिला अभियांत्रिकीचे पुस्तक समजण्याची चूक करणार नाही. ती चूक बहुधा न वाचणाऱ्यांकडूनच होते. म्हणून गुरुजींना माझे उत्तर असे, की वेताळ कपाटात बंद करून ठेवण्यात जास्त धोका आहे.

शिवाय वेताळ आपलाच आहे. 'कथासरित्सागरा'त त्याला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन गोदावरीतीरीच्या प्रतिष्ठानचा आहे. 'चांदोबा' मासिकाने त्याला मराठी घरांत पोचवले. वेताळाची प्रत्येक कथा प्रश्नाने संपते, आणि काही प्रश्न उत्तम आहेत. नवरा आणि भाऊ दोघांची शिरे तुटतात, बाई गडबडीत ती उलटी जोडते. आता तिचा नवरा कोण? राजा म्हणतो, ज्याचे डोके तो. टोमास मान याने १९४० मध्ये या कथेवर लघुकादंबरी लिहिली, गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन' नाटकात ती नव्याने आली. अवयवरोपणाचा पाठ शिकवताना हा प्रश्न फळ्यावर लिहून पाहा. शेवटच्या कथेत बाप मुलीशी आणि मुलगा आईशी लग्न करून बसतो. त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय, असे वेताळ विचारतो. तिथे राजा निरुत्तर होतो आणि गप्प राहतो. उत्तर येत नसताना गप्प राहिल्याबद्दल वेताळ प्रसन्न होतो, ही गोष्ट वर्गातल्या आपणा सर्वांना दिलासा देणारी आहे.

मराठी मुद्रणाने तर जन्मापासून या कथांचे बोट धरले. श्रीरामपूरच्या छापखान्यात १८१४ मध्ये 'सिंहासन बत्तिशी' मोडी लिपीत छापली गेली. १८३० मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली. आणि १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथांचे भाषांतर काढायला सुरुवात केली. ते पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुरे केले. कृष्णशास्त्री हे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे मुख्य, म्हणजे शिक्षकांचे शिक्षक. याच १८६१ साली त्यांचा 'अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह' प्रसिद्ध झाला. मराठीत भौतिक विद्यांची ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक. एका हाताने विज्ञान आणि दुसऱ्या हाताने अल्लाउद्दीन, यात त्यांना काही विसंगत वाटले नाही. आपल्या आजच्या शिबिरात त्यांना टाळ्या मिळाल्या असत्या की नाही, सांगता येत नाही.

बाईंनी पुस्तकांची नावे मागितली होती. ती अजून दिलेलीच नाहीत. पाचवी ते सातवीला वेताळ पंचविशी आणि अरबी कथांच्या बालावृत्त्या पुरेत. आठवीपासून 'कथासरित्सागरा'चे मराठी भाषांतर कपाटात असावे, पण ते सलग वाचायला लावू नये. गोष्टीतून गोष्ट निघते आणि मुले हरवतात. एकेक गोष्ट सुटी करून द्यावी. शृंगाराचे प्रसंग आहेत, स्त्रियांविषयी जुनाट शेरेही आहेत, तेव्हा शिक्षकाने आधी स्वतः वाचावे.

त्याच सुमारास जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह द्यावा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि बक्षीस मिळवले. आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे टोपणनाव त्यांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेची आठवण करून देते. तीत वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होते. एच. जी. वेल्सने १८९६ मध्ये प्लॅटनर नावाच्या शिक्षकाला असेच डावे-उजवे उलटे करून परत आणले होते. डावे-उजवे रेणू शिकवण्याआधी ही कथा वाचून दाखवली, तर पुढचे निम्मे काम झाले म्हणून समजा. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले; त्यांच्या कथा मात्र वर्गात अजून पुरेशा गेलेल्या नाहीत.

नारायण धारप (१९२५-२००८) नववी-दहावीच्या मुलांना मिळणारच. शिक्षकाने न दिले तर बाकाखालून मिळतील. त्यांच्या काही कादंबऱ्यांचे मूळ इंग्रजी भयकादंबऱ्यांत आहे. 'लुचाई' स्टीफन किंगच्या पुस्तकावरून आली, हे वाचकांना माहीत असते. हासुद्धा वंशवृक्षच. त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा 'अनोळखी दिशा'मधल्या लघुकथा मला सरस वाटतात. नेहमीचे घर, नेहमीचा जिना, आणि एका पायरीने हिशेब चुकतो. रत्नाकर मतकरी आपल्या कथांना गूढकथा म्हणत, आणि ते बरोबर होते. 'खेकडा', 'गहिरे पाणी' यांत भुतापेक्षा माणसाचे मन अधिक भीतिदायक आहे. ती जरा मोठ्या मुलांसाठी, किंवा खरे तर शिक्षकांसाठीच. जी. ए. कुलकर्णींचे 'रमलखुणा' आणि 'सांजशकुन' (दोन्ही १९७५) शिक्षकांनी सुटीत, घाई नसताना वाचावेत. 'रमलखुणा'तले प्रवासी कोणत्या देशातून चालले आहेत हे नकाशावर दाखवता येत नाही. तरी सानुदासाची ती अरुंद वाट वाचून आलेल्याला तिथे फार परके वाटणार नाही.

शिबिरातल्या त्या बाईंना मी हे सारे पत्राने कळवले आणि सोबत एक खेळ सुचवला. म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून घरी परत येते, ती गोष्ट प्रत्येक मुलाने आपल्या आजीकडून ऐकून जशीच्या तशी लिहून आणावी. बोलीतच लिहावी, पुस्तकी करू नये. गुणाढ्याची पोथी भाषेपायीच परत आली होती. मग वाटेत कोणकोणते प्राणी भेटतात, किती, कोणत्या क्रमाने, शेवटी म्हातारी कशी सुटते, यांचा तक्ता करावा आणि समान बदलांवरून गोष्टीचा वंशवृक्ष काढावा. मी स्वतः एका शाळेत हा प्रयोग करून पाहिला आहे. वाघ सगळ्यांकडे होता, त्यामुळे वाघाचा काही उपयोग झाला नाही. अस्वल आणि कोल्हा यांनी मात्र वर्गाचे दोन तट पाडले, आणि आया कुठून कुठल्या गावी लग्न होऊन आल्या, याची चौकशी करायला मुले आपापल्या घरी पळाली.